मानसोपचारतज्ज्ञ आईवर लिहायचं आहे, पण आधी दवाखान्यातलं एक रजिस्टर काढा

प्रश्न असा आला आहे: “माझी आई सोलापुरात मानसोपचारतज्ज्ञ होती. बत्तीस वर्षं घराच्या तळमजल्यावर तिचा दवाखाना चालला. फेब्रुवारीत ती गेली. वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची आहे. भाऊ म्हणतो, पेशंटांकडून आठवणी मागवू, तेच तिचं खरं आयुष्य. मला ते पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. लोक ‘देवमाणूस’ म्हणतात तेव्हा राग येतो, आणि रागाची लाज वाटते. दवाखाना बंद करून वर येताना ती जिन्याच्या मधल्या पायरीवर अंधारात बसायची. लहानपणी वाटायचं, हिला वर यायचंच नाहीये. हे लिहू का? दोन कपाटं फायलींनी भरली आहेत. अजून रोज कुणी ना कुणी शटरसमोर येऊन उभं राहतं.”

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. स्मरणिकेला दहा महिने आहेत. शटरसमोर उभ्या माणसाकडे कदाचित दहा दिवसांच्याही गोळ्या नसतील.

मी सोलापुरातच पंचवीस वर्षं हेच काम करते. तुमच्या आईंना ओळखत होते की नाही ते इथे मुद्दाम लिहीत नाही. आपल्या गावात या शाखेतल्या बायका बोटावर मोजण्याइतक्या, ओळख पटायला वेळ लागत नाही.

शटरवर आज काय लिहिलंय? बहुतेक ठिकाणी ‘दवाखाना बंद आहे’ एवढंच असतं. अक्कलकोटहून, मोहोळहून, पलीकडे इंडीहून एसटीने आलेला माणूस ते वाचतो, तासभर पायरीवर टेकतो आणि परत गाडी धरतो. तुमची पाटी जरा मोठी असू द्या. डॉक्टर गेल्या, हे स्पष्ट लिहा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, हे त्याहून मोठ्या अक्षरात. तुमचे कागद अमुक वारी अमुक वेळेत मिळतील. तोवर गावातले दुसरे डॉक्टर किंवा सिव्हिलची मानसोपचार ओपीडी. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हीच पाटी कानडी, तेलुगू आणि उर्दूतही लावा. आपल्याकडे निम्मं दुःख मराठीत बोलत नाही, हे तुमच्या आईंना पक्कं ठाऊक असणार.

आता रजिस्टर. त्यांच्याकडे डेपो इंजेक्शनचं वेगळं रजिस्टर असेल, आम्हा बहुतेकांकडे असतं. काही पेशंटांना रोजच्या गोळीऐवजी दोन ते चार आठवड्यांनी एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते चुकलं तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. त्रास काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उसळतो आणि तेव्हा चुकलेल्या इंजेक्शनशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. फेब्रुवारी, मार्च गेले, आता एप्रिल. काहींचे तीन-चार हप्ते एव्हाना चुकले असतील.

त्यानंतर क्लोझापिनवाले, म्हणजे स्किझोफ्रेनियात बाकी औषधांनी गुण आला नाही की देतात त्या गोळीवरचे. या गोळीत ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुन्या मात्रेवर एकदम परत जाता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत यावं लागतं. पेशंटला हे ठाऊक नसतं. कुठूनतरी जुनी पट्टी मिळते आणि तो पहिल्याइतक्या गोळ्या एकदम घेतो. शिवाय या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, त्यांची तपासणी राहून गेलेली असते. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी त्या एकाएकी सोडल्या तर फिट येऊ शकते.

आणि लिथियम, मनाच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजारावरचं औषध. याच्यावर जरा थांबते, कारण आपल्या गावचा उन्हाळा. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती सुरू होते. एवढीच जागा हाताशी असते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, यंत्रमागाच्या शेडमध्ये तर त्याहून उकडतं, माणूस घामाने निथळतो, पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडतं आणि मूत्रपिंड लिथियम धरून ठेवायला लागतं. त्यात अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, किंवा एखादा कडक उपास. हाताची थरथर वाढली, तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, की लोक ऊन लागलं समजून कांद्याचा रस लावत बसतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी लिथियमवरच्या प्रत्येकाला फोन करून घेते. तुमच्या आईही असं काहीतरी करत असतील. यंदा तो फोन गेलेला नाही.

ही यादी करायला डॉक्टरच बसवा. त्यांचा एखादा विश्वासातला सहकारी गाठा, आणि दवाखान्यात केस काढायला ज्या मावशी किंवा कंपाउंडर होते त्यांना बोलवा. कोण कधी यायचं ते त्यांना पाठ असतं. तुम्ही किल्ली द्या, चहा द्या, शेजारी बसा. फायली मात्र वाचू नका, तुम्हीही नाही आणि भावानेही नाही. सोलापूर लहान आहे. तिसऱ्याच फायलीत तुमच्या शाळेतल्या बाई निघतील, पाचव्यात शेजारचे काका. एकदा वाचलेलं परत न वाचलेलं करता येत नाही.

फायली ठेवायच्या किती दिवस? डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायला सांगितलं आहे. मानसोपचारात मी जास्तच ठेवते, कारण दहा वर्षांपूर्वी कोणत्या गोळीने गुण आला होता हे आज उपयोगी पडतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाला स्वतःचे कागद मागायचा हक्क आहे, म्हणून मागेल त्याला, ओळख बघून, त्याचेच द्या. उरतील ते यंत्राने फाडून नष्ट करायचे. रद्दीत घालू नका. मला एकदा खारे शेंगदाणे बांधून मिळाले त्या कागदावर कुठल्याशा दवाखान्यातली नोंद होती. नाव, वय, गाव, आणि खाली ‘झोप नाही. मरावंसं वाटतं’. शेंगदाणे तसेच राहिले.

आता स्मरणिका. भावाचं म्हणणं मला कळतं. बत्तीस वर्षांत इतक्या लोकांना उभं केलं, तर त्यांनीच बोलावं असं वाटणारच. पण पेशंटाची गोष्ट ही पेशंटाची मालमत्ता. आईंकडे ती ठेवायला दिलेली होती आणि ठेव वारसाहक्काने मिळत नाही. त्याच २०१७ च्या कायद्याचं २३ वं कलम गोपनीयतेचं आहे, पण कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. ‘नाव बदलून छापू’ याला आपल्या गावात काही अर्थ नाही. ‘अशोक चौकातली विडी वळणारी, नवरा यंत्रमागावर, तीन मुली’ एवढं छापलं की गल्ली नाव सांगते. मग त्यातल्या मधल्या मुलीला स्थळ येतं आणि पाहुणे वरच्यावर चौकशी करून परत जातात. का गेले ते कुणी सांगत नाही.

कुणी स्वतःहून लेख आणून दिला तर? तरीही लगेच घेऊ नका. आमच्या कामात हे लवकर शिकावं लागतं: जो माणूस हसत हसत, सही करून, फोटोसकट ‘माझं नाव छापा’ म्हणतो, तो त्या आठवड्यात आजाराच्या चढाच्या टोकाला असू शकतो. दोन महिन्यांनी खाली आल्यावर त्याला स्वतःचंच वाक्य वाचवत नाही. लेख ठेवून घ्या, तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारा, घरच्यांना नव्हे, त्यालाच. तेव्हाही हो म्हणाला तर बघू. मी असते तर तेव्हाही फक्त ‘एक सोलापूरकर’ एवढीच सही छापली असती.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांना आजही बाईच म्हणते. बाई गेल्या तेव्हा शोकसभेत दाराशी एक गृहस्थ सबंध वेळ चपला ओळीने लावत होते. आत आले नाहीत, बसले नाहीत. बाईंच्या सुनेने त्यांना चहा नेऊन दिला आणि सहज विचारलं, “आपण आईंचे कोण?” ते म्हणाले, “शेजारचा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, “हो, शेजारचे.” ते बाईंचे शेजारी नव्हते हे मला चांगलं माहीत होतं. तुमच्या कार्यक्रमातही असे शेजारी येतील. त्यांची ओळख करून देऊ नका, व्यासपीठावर बोलवू नका, आणि फोटोवाल्याला प्रेक्षकांचे फोटो काढायला आधीच मनाई करा.

मग लिहायचं काय? पेशंट वगळले तर मानसोपचारतज्ज्ञाच्या आयुष्यात उरतं काय, असं भावाला वाटत असेल. भरपूर उरतं. पद्धत उरते. डॉ. शारदा मेनन यांचं उदाहरण घ्या. देशातल्या पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. चेन्नईत किल्पॉकच्या मनोरुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या, १९८४ मध्ये त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी ‘स्कार्फ’ ही संस्था काढली, १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि २०२१ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या. एकाही पेशंटाचं नाव न घेता हे सगळं लिहिता येतं. तुमच्या आईंनी संस्था काढली नसेल. पण त्या काय करत, कसं करत, ते लिहा.

बाईंचंच सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा सिव्हिलला इंटर्न होते आणि जखमी ट्रकांतून सोलापूरला येत होते. हाडं बसवण्याची घाई ओसरल्यावर बाई शनिवार-रविवार लोहारा, सास्तूरकडे जायला लागल्या, दोनदा मलाही नेलं. पत्र्याच्या शेडमधल्या बायका, एकदोघी नव्हे, रांगेने सगळ्या एकच सांगत: रोज चारच्या आधी जाग येते आणि छाती धडधडते. तेवढ्या गोळ्या होत्या कुठे, आणि असत्या तरी सगळ्यांना देण्यासारख्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, “जाग येणारच आहे ना? मग तिची वाट कशाला बघायची? साडेतीनला आपणच उठायचं. एकीने चूल पेटवायची, सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा, चार वाजून गेले की परत आडवं व्हायचं.” मला ते फार बाळबोध वाटलं होतं. मी पुस्तकातलं काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मला साखर आणायला पिटाळलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चहाला एक बाई उठलीच नव्हती, घोरत पडली होती, आणि बाकीच्या तिची चेष्टा करत होत्या. भूकंपानंतर त्या शेडमध्ये हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

असं तुमच्याकडेही असणार. त्या कोणत्या भाषेत काय विचारत? बाईंना तेलुगू येत नव्हतं, पण “निद्र पडुतुंदा?” एवढं अस्खलित यायचं, आणि कानडीत “निद्दी बर्तदेनु?” झोप लागते का. पुढचं उत्तर कळो न कळो, त्या प्रश्नाने समोरची बाई पदर सावरून नीट बसायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या चिठ्ठीवर त्या सूर्य आणि चंद्र काढत, अर्ध्या गोळीला अर्धा चंद्र. यंत्रमागावर रात्रपाळी केली की काहींचा आजार हटकून उसळतो, म्हणून मालकाला चिठ्ठी देत: ‘प्रकृतीच्या कारणास्तव दिवसपाळी द्यावी.’ आजाराचं नाव नाही, आणि लेटरहेडवर ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्दही नाही. त्यासाठी वेगळं लेटरहेड छापून घेतलं होतं. गाणगापूरला जाऊन आलेल्यांना त्या कधी बोलल्या नाहीत. “जा, पण गोळ्या पिशवीत असू द्या,” एवढंच.

हे कुणाला विचारायचं, तर त्या मावशींना, समोरच्या मेडिकलवाल्याला, सिव्हिलमधल्या जुन्या सिस्टरना, त्यांच्याकडे शिकून गेलेल्या डॉक्टरांना. भावाला हे काम द्या. माणसं गोळा करायची त्याची हौस भागेल आणि कुणाचं नुकसान होणार नाही. आणखी एक धागा त्याला सुचवा. आई शिकल्या तेव्हाचा कायदा वेगळा होता. १९१२ चा ‘ल्युनसी’ म्हणजे वेडेपणाचा कायदा जाऊन १९८७ चा अमलात आला तो १९९३ मध्ये, आणि २०१७ च्या कायद्याने भूल न देता शॉक द्यायला बंदी आली, शिवाय जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता तो तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं. कीटकनाशक पिऊन वाचलेल्या पोराच्या बापाला पूर्वी पोलिसांची धास्ती पोराच्या जिवाइतकीच असायची. त्या बापांशी तुमच्या आई तेव्हा कशा बोलत आणि नंतर कशा, हे त्यांचे सहकारी सांगतील.

आता तुमचा राग. लाज वाटण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. लोकांना त्यांची वीस-वीस मिनिटं मिळाली आणि ती खरोखर देवमाणसाची असतील. तुम्हाला उरलेला दिवस मिळाला, दमलेला, करपलेल्या भाजीचा. बाईंचा मुलगा भूकंपाच्या वेळी पाच वर्षांचा होता. तो मला म्हणाला होता, “माझ्यासाठी भूकंप म्हणजे आई नसलेले रविवार.” आणि लगेच पुढे: रविवारी रात्री कितीही उशिरा आली तरी सोमवारच्या डब्याची भाकरी तीच थापायची, आणि त्याला त्याचाही राग यायचा, कारण वर्गात बाकीची पोरं ब्रेड-जाम आणायची. मला त्याची दोन्ही वाक्यं खरी वाटतात.

माझी मुलगी अकरावीत असताना एकदा ओरडली होती, “मग तुला काय वाटलं, असं विचारू नकोस! मी तुझी पेशंट नाहीये!” मी गप्प झाले, तर म्हणाली, “आणि गप्पही अशी बसू नकोस.” आमच्या घरातल्या मुलांना हे भोगावं लागतं. आम्ही ऐकतो ते प्रेमाने की सवयीने, हे त्यांना कधी नक्की कळत नाही. खरं सांगायचं तर कधीकधी आम्हालाही.

पायरीचं जरूर लिहा. त्या तिथे का बसत ते त्याच सांगू शकल्या असत्या, मी माझं सांगते. मी गाडी गेटापाशी बंद करते आणि तशीच बसून राहते. शेवटचा पेशंट जाताना दारात वळून काय बोलला, ते तेव्हाच डोक्यात वर येतं. याला आज रात्री घरचे एकटं सोडणार नाहीत ना? फोन आत्ता करू की सकाळी? ठरतं, कधी फोन होतो, मग मी पर्स बंद करते आणि उतरते. ते न ठरवता वर गेले तर मुलगी गणित विचारते आणि मी ऐकून भलतंच उत्तर देते. असं पूर्वी झालंय, आणि तिने ते अजून सोडलेलं नाही.

लिहिताना एक करा. त्या लहान मुलीला जे वाटलं, ‘हिला वर यायचंच नाहीये’, ते तसंच राहू द्या. खाली लगेच ‘आता कळतंय की’ असं जोडून तिला गप्प करू नका. आज काय वाटतं ते दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे, किंवा न आलं तरी चालेल. दिवा का लावत नव्हत्या, पायरी कितवी होती, वर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलायच्या, हे आठवतंय का बघा. भावालाही विचारा. त्याला वेगळंच आठवत असेल, तेही छापा.

झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल आणि हे असंच महिनोन्‌महिने चाललं तर कुणाला तरी दाखवा. डॉक्टरांची मुलं आईच्या ओळखीतल्यांकडे जायला संकोचतात. पुण्यात कुणी बघा किंवा फोनवर बोला, सोलापुरातच जायला हवं असं नाही.

आईंचा मोबाइल नंबर इतक्यात बंद करू नका, वर्षभर रिचार्ज मारत राहा. तो फोन मावशींकडे द्या, ठरावीक वेळात उचलायला सांगा आणि पाटीवरचंच सगळं तोंडी सांगू द्या. रात्री काही मिस्ड कॉल दिसतील, एकच रिंग देऊन ठेवलेले. त्यांची नोंद ठेवून सकाळी उलटा फोन करायचा. आणि सोमवारी ते डेपोचं रजिस्टर काढायला लावा. बहुतेक टेबलाच्या उजव्या खणात असेल, फायलींच्या कपाटात शोधत बसू नका.